बकरीचा बाजा आणि पहिली पंगत

माझा धाकटा दीर फौजेतून पेन्शनवर घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक लोखंडी पेटी होती आणि गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं. गाठोड्यातून काळ्या काठ्या बाहेर आल्या होत्या. मी सोडून बघितलं तर आत पाय वर करून पडलेलं बकरं. मुंडकं नाही, पोट चपटं, पायांच्या जागी काठ्या.

मी म्हटलं, "भावजी, अठरा वर्षं देशाची चाकरी केली आणि घरी आणलं काय, तर हे? आणायचं तर ताजं तरी आणायचं."

"वैनी, हे बकरं न्हाई, बाजा हाय," तो म्हणाला. "कातडं तेवढं बकरीचं."

मग त्यानं ती कातड्याची मशक डाव्या काखेत दाबली, तीन काठ्या खांद्यावर टाकल्या, एक तोंडात धरली, एकीवर बोटं ठेवली आणि फुंकलं. आधी गुरगुर झाली, मग जे काही ओरडलं ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कोंबड्या पत्र्यावर गेल्या. म्हशीनं दावं तोडलं आणि ती थेट नायगावच्या रस्त्याला लागली. शेजारीण मुठीत हळद घेऊन धावत आली. तिला वाटलं आमच्या घरात कुणीतरी भाजलं.

आणि आतून काठी टेकत सासरे बाहेर आले.

आमच्या घरात तेव्हा राहणारे आम्ही दोघंच, मी आणि सासरे. नवरा आधीच गेला होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिराची बायको पोरांच्या शाळेसाठी नांदेडला राहायची. महिन्यातून दोनदा यायची आणि आम्हाला नावं ठेवून जायची. सासरे ऐंशीच्या पुढचे, डाव्या कानानं ठार बहिरे आणि उजव्या कानानं नको तेवढंच ऐकणारे. माझ्या पंचावन्नाव्या वर्षीही मला ते "ए पोरी" म्हणायचे.

बाजा बघितल्यावर ते एकच वाक्य बोलले. "वाजवणं या घरानं सोडलंय."

ह्या वाक्यामागं काय होतं ते सांगायला पाहिजे. सासऱ्यांच्या तरुणपणी गावात लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो, डफडं घेऊन पुढं आमच्याच घरानं जायचं. दिवसभर वाजवायचं आणि मग मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसून राहायचं. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं मिळायचं, तेही वरून टाकलेलं. धम्म घेतला त्या साली सासऱ्यांनी डफडं चुलीत घातलं आणि त्या जाळावर चहा केला. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की तो चहा आम्ही प्यायल्यासारखाच होता. साखर कमी पडली होती, हेसुद्धा सगळ्या घराला माहीत होतं.

दीर म्हणाला, "आबा, हे डफडं न्हाई. हे स्कॉटलंडचं हाय. गोऱ्यांच्या पलटणीतनं आपल्या पलटणीत आलं. हे वाजलं की राष्ट्रपती उभे राहत्यात."

"राष्ट्रपती उभे राहत्यात ते कळलं. तुला जेवायला कुठं बसवत्यात?"

"मेसमधी."

"पंगतीत?"

"लायनीत, आबा. सगळ्यांच्या बरोबर."

सासरे जरा वेळ काठीनं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "मग वाजव. पण ज्याच्या दारात वाजवशील तिथं पयल्या पंगतीत जेवायचं. घरधन्यानं सोता वाढायचं. असं जेवून आलास की मला सांग, मग मी तुझं बकरं ऐकंन. तवर न्हाई." आणि त्यांनी उसवलेल्या उशीतून कापूस काढून दोन्ही कानांत घातला. डाव्या कानात घालायची काहीच गरज नव्हती.

दिराला बाजा वाजवून पोट भरायचं होतं असं नाही. पेन्शन होती, जमिनीचा तुकडा होता. पण अठरा वर्षं ज्यानं रोज सकाळी फुंकलं, तो फुंकायचं थांबला की खुडूक कोंबडीसारखा कोपऱ्यात बसतो. आणि दुसरी गोष्ट, त्याला बापानं ऐकायला पाहिजे होतं. नोकरीत असताना एकदा त्याच्या पथकाला दिल्लीला परेडमध्ये वाजवायला नेलं. त्यानं फोन करून सांगितलं, टीव्ही लावा. सासऱ्यांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. पोरगं दिसलं, म्हणाले, अंगानं बरं हाय. हे मीच दिराला सांगून बसले. सांगायला नको होतं.

तर बँड निघाला. डीजेमुळं बंद पडलेल्या एका जुन्या ब्रास बँडचे चार गडी नायगावात रिकामे होते. ढोल आणि ताशासारखे छोटे ड्रम त्यांचे त्यांच्याकडेच होते. चौघं आणि दीर, असे पाच. गावानं नाव ठेवलं बकरी पार्टी.

मग कपड्याचं निघालं. दिरानं पेटीतून एक जुना फोटो काढला. म्हणाला, हे आमच्या उस्तादाच्या उस्तादाचे उस्ताद. पाच-सहा गोरे, छातीवर बिल्ले, कमरेला चौकड्याचा घागरा, खाली गुडघे उघडे, केसाळ.

"तिकडं बर्फ पडतो म्हणं," दीर म्हणाला.

"बर्फात उघडे पाय? आणि त्यांच्या बायका काही बोलल्या न्हाईत?"

"परंपरा हाय, वैनी."

परंपरा म्हटलं की बायकांनी शिवायचं, एवढं मला कुठल्याही देशाचं कळतं. एका घागऱ्याला सात मीटर कापड लागतं. माझ्या घरी शिलाई मशीन होतं, आयुष्यभर गावाची झंपरं शिवली होती. मी नांदेडला जाऊन लाल-हिरव्या चौकड्याचा एक अख्खा तागा उचलला. कमरेला इलॅस्टिक घातलं, आतून सगळ्यांना चड्ड्या शिवल्या, कारण हे लोक कसे बसतात ते मला माहीत होतं. ढोलवाला म्हणाला, "मावशे, बायकोनं बघितलं तर घरात घेणार न्हाई." मी म्हटलं, "आत्ता तरी घेती का?" त्यावर तो गुमान घालून उभा राहिला.

पहिलं लग्न नायगावलाच. वरात निघाली आणि तेवढ्यात एक शाळा सुटली. त्या शाळेच्या मुलींचा स्कर्ट लाल-हिरव्या चौकड्याचा. तोच तागा. वरातीची गर्दी, त्यात मुली घुसल्या, बाजा बघायला पुढं झाल्या. त्यांचे सर ओरडत होते, "लाल-हिरवे सगळे रस्त्याच्या कडेला! ए, मिशीवाला, तू कोण?" दुसऱ्या दिवशी मी सगळ्या घागऱ्यांना खालून पिवळी पट्टी लावली.

मी प्रत्येक लग्नाला बरोबर जायची. मशकीच्या दोऱ्या मीच बांधलेल्या, त्या सैल झाल्या की हवा जाते. घागऱ्याच्या चुण्याही सुटायच्या. लोक विचारायचे, "ह्या बाई काय वाजवत्यात?" दीर सांगायचा, "त्या वाजवत न्हाईत, बोलत्यात."

पण पंगतीचं जमेना. सुपारी घेताना दीर सांगायचा, आमचे गडी पहिल्या पंगतीत बसतील. घरधनी म्हणायचा, "हाव, हाव, तुम्ही तर फौजी माणूस." आणि लग्नाच्या दिवशी तोच माणूस फेटा सावरत यायचा, "हवालदारसाहेब, जरा पाहुणे होऊ द्या." हा दीर तीस-तीस जवानांना हुकूम सोडलेला माणूस. पण फेटेवाल्यानं "जरा" म्हटलं की सावधानमध्ये उभा राहायचा. मी काही बोलायला गेले की डोळ्यांनी म्हणायचा, जाऊ द्या. दारात उभं राहून वाद घालायचा नाही ही शिस्त म्हणे. मला ती शिस्त वाटली नाही. मला ते त्याच्या बापाचं उकिरड्याच्या बाजूला बसणंच वाटलं, नुसतं ताठ कण्याचं.

घरी आलं की सासरे खाटेवरून विचारायचे, "कितव्या?"

"चौथ्या."

"बरं." आणि कापूस तसाच.

लग्नामागून लग्नं झाली. "कितव्या?" "तिसऱ्या." "कितव्या?" "आबा, पंगतच मोडली होती, उभ्यानं खाल्लं." एकदा दीर खोटं बोलला. म्हणाला, पहिल्या. सासऱ्यांनी त्याचा उजवा हात ओढून नाकाशी नेला. "पयल्या पंगतीच्या हाताला तुपाचा वास येतो. ह्या हाताला नुसती डाळ हाय. आणि बुंदी?"

"होती की."

"अख्खी होती का चुरा?"

दीर हात धुवायला गेला. शेवटच्या पंगतीला बुंदीचा चुराच उरतो, हे सासऱ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता बँडचं नाव कसं झालं ते. त्याचं श्रेय लोक दिराला देतात. खरं श्रेय माझं आहे, म्हणजे माझ्या चुकीचं.

मशकीचं कातडं आतून ओलसर आणि चिकट ठेवावं लागतं, नाहीतर वाळून हवा सोडतं. फौजेत त्यासाठी डब्यातून काहीतरी यायचं. दिरानं आणलेला डबा संपला. नवीन कुठं मिळतो ते त्याला माहीत नव्हतं. डब्याच्या तळाला उरलेल्याची मी चव घेऊन बघितली. म्हटलं, ह्याला काय डबा पाहिजे? गूळ कोमट पाण्यात पातळ केला, त्यात अंड्याचा पांढरा बलक घातला, मशकीत ओतून चांगलं चोळलं, जास्तीचं ओतून टाकलं. कातडं असं मऊ झालं की दीर म्हणाला, वैनी, उस्तादालासुद्धा हे जमलं नसतं.

लोह्याच्या लग्नात त्यानं ती मशक लिंबाखाली ठेवली आणि चहा प्यायला गेला. लिंबाखाली लाल मुंग्यांचं घर. मला दिसलं असतं तर मी उचलली असती, पण मी तेव्हा ढोलवाल्याची चुणी शिवत होते, तो घालून उभा असतानाच.

वरात निघाली. दिरानं मशक काखेत घेतली आणि दाबली. मुंग्यांना आत गूळ होता आणि बाहेर दीर. त्या आधी काखेत गेल्या, मग बाहीतून खाली, मग घागऱ्यात. दुसरा कुणी असता तर बाजा फेकून पळाला असता. पण फौजेत त्याला शिकवलं होतं की सूर मध्येच तोडायचा नाही. त्यानं तोडला नाही. तो नुसता उडाला. आधी डाव्या पायावर, मग उजव्या पायावर, मग गुडघा छातीपर्यंत, मग एक गिरकी. घागरा छत्रीसारखा उघडला. ड्रमवाल्यांना वाटलं काहीतरी नवीन काढलंय, त्यांनी त्याच्या उड्यांवर ठेका धरला. दिराच्या डोळ्यांतून पाणी आणि गाल फुगलेले. लोक टाळ्या वाजवायला लागले. नवरा घोड्यावरून उतरून नाचायला लागला. सगळ्यांनी मोबाइल वर केले.

आठ दिवसांत तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. देगलूरहून एक व्यापारी आला, निम्मं तेलुगू निम्मं मराठी बोलणारा. म्हणाला, "बँड पाहिजे, आणि तो नाच पाहिजेच."

"कोणता नाच?" दीर म्हणाला.

"तो हो, एका पायावरचा. फॉरेनचा आहे ना?"

दिरानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. "हाव," तो म्हणाला, "स्कॉटलंडचा हाय."

झालं. तेव्हापासून प्रत्येक वरातीत हा पेन्शनवाला हवालदार मुंग्या नसताना एका पायावर उडायचा. घरी येऊन गुडघ्यांना तेल लावायचा. मेरठहून अजून दोन मशकी मागवल्या, दोन गडी शिकवले, ड्रम वाढले, एकूण बारा जण झाले. मशकीत गुळाच्या ऐवजी मी दुसरं काही घालून बघितलं, पण गुळासारखं काही नाही. मग लिंबाखाली ठेवायचं तेवढं बंद केलं. लोक लग्नाची तारीख आमच्या बँडच्या सवडीनं काढायला लागले. देगलूर, लोहा, अहमदपूर, सगळीकडं बोर्डावर आमच्या घागऱ्यांचा फोटो. दिराच्या बायकोनं नांदेडच्या शेजारणींना सांगायला सुरुवात केली की बँड तिचाच.

सासरे मात्र तिथंच. "कितव्या?" उशी पार चपटी झाली होती, त्यांच्या कानांत जाऊन जाऊन.

मग लातूरची सुपारी आली. एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न. मुलगी स्कॉटलंडमध्ये नोकरीला, नवरा मुलगाही लातूरचाच पण तिकडं राहणारा. तिचा तिकडचा म्हातारा घरमालक लग्नाला येणार होता. डॉक्टर स्वतः गाडीनं आमच्या गावी आले. म्हणाले, "त्या पाहुण्याला दाखवायचंय, आमच्याकडं पण हे आहे."

मी पाणी दिलं आणि म्हटलं, "बँड पयल्या पंगतीत जेवंल. पावतीवर लिहा."

डॉक्टर हसले. "अहो मावशी, त्यात काय लिहायचं?"

"त्यात काही न्हाई तर लिहा."

त्यांनी खाली सही केली. डॉक्टरची सही, वाचता येत नव्हती, पण वरचं मी माझ्या हातानं लिहिलं होतं. चौथीपर्यंतचं अक्षर माझं, ठळक.

लग्नाच्या दिवशी आम्ही मंगल कार्यालयात पोचलो तेव्हा दुपारच्या मुहूर्ताची गडबड चालू होती. मी आधी जेवणाकडं गेले, माझी सवयच ती. बघितलं तर पंगतीचा पत्ता नाही. लांब टेबलं, त्यावर झाकणाची भांडी, भांड्यांखाली दिवे. हातात ताट घ्यायचं आणि उभ्यानं खायचं. एवढ्या वर्षांनी पहिल्या पंगतीची सही मिळाली, आणि लातूरकरांनी पंगतच बंद केलेली.

वाढप्याला विचारलं, "बँडवाल्यांचं?" त्यानं बोट दाखवलं. जनरेटरच्या मागं एका पिशवीत बारा खोकी होती. वर पेनानं लिहिलं होतं, बँड. एक उघडलं. चार पुऱ्या, बटाट्याची भाजी, लाडू. लाडू अख्खा होता, एवढं मान्य करते.

बाहेर वरात दारापाशी आली होती. तीन मशकी, ड्रम, दीर पुढं. पाहुण्यांमध्ये तो गोरा म्हातारा, खरा घागरा घालून, दोन्ही हात मागं बांधून ऐकत होता. मी दिराजवळ गेले, हात घातला आणि फुंकायच्या नळीची दोरी सोडली.

एकदम सगळी हवा गेली. थकलेली म्हैस खाली बसते तसा आवाज झाला. म्होरक्या थांबला म्हणून बाकीच्या दोन मशकी थांबल्या, त्या थांबल्या म्हणून ड्रम थांबले. घोडा थांबला आणि त्यानं शेजारच्या गाडीवरचा हार खायला सुरुवात केली.

"वैनी," दीर समोर बघत, ओठ न हलवता म्हणाला, "गाठ मारा. जाऊ द्या."

"गप बसा, भावजी. तुमचा बाप उशी संपवून राहिला."

डॉक्टर धावत आले. "काय झालं? बिघडलं का?"

मी पावती काढून दाखवली. "खोकी ठेवलीत जनरेटरच्या मागं. हे असं लिहिलं न्हवतं."

"अहो मावशी, बुफे आहे! बुफेत पहिली पंगत मी कुठून आणू?"

"जमीन हाय न्हवं? सतरंजी हाय न्हवं?"

मागून मुलीचा मामा ओरडला, "बँडवाल्यांचे नखरे बघा! खायला मिळतंय हे काय कमी आहे?"

मी त्याला म्हटलं, "बाबा, तू जेव ना मग जनरेटरच्या मागं. चार पुऱ्या हायत, हवा चांगली येते."

भटजी आतून सांगायला आले, मुहूर्ताला नऊ मिनिटं आहेत. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. म्हणाले, "मावशी, लग्न लागलं की सगळी व्यवस्था करतो. शब्द देतो."

"शब्द लई झाले, साहेब. गाठ मारायला मला दोन मिनिटं लागत्यात. सतरंजी अंथरायला एक. बघा."

डॉक्टर शहाणा माणूस. त्यानं मामाकडं बघितलं आणि म्हणाला, "जा, सतरंजी आण." मामानंच ती काखेत मारून आणली आणि हिरवळीवर अंथरली. मी अंथरलेली बघितली, मग गाठ मारली. दिरानं असं फुंकलं की घोड्यानं हार टाकला. लग्न वेळेत लागलं. उलट दोन मिनिटं आधीच, कारण सगळे पळत आत गेले.

अक्षता पडल्यावर बारा गडी सतरंजीवर ओळीनं बसले. घागऱ्यात मांडी घालता येत नाही, म्हणून सगळे माहेरी आलेल्या लेकींसारखे पाय एका बाजूला घेऊन बसले. मी कडेला बसले. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, पनीरचं भांडं उचललं आणि एकेकाच्या ताटात वाढायला लागले. त्यांना वाढायची सवय नव्हती, रस्सा दिराच्या घागऱ्याच्या पिवळ्या पट्टीवर सांडला. त्यांची बायको मागून गुलाबजाम घेऊन आली.

हे बघून तो गोरा म्हातारा आला. त्याला वाटलं हीच इथली रीत. तो आमच्या ओळीच्या शेवटी पाय एका बाजूला घेऊन बसला. तो बसला म्हणून नवरदेवाचे मित्र बसले. ते बसले म्हणून बायका बसल्या. बघता बघता अर्धं लातूर जमिनीवर, आणि त्या लांब टेबलांपाशी फक्त वाढपी उभे. सतरंज्या कमी पडल्या तेव्हा लोकांनी मांडवाचे पडदे सोडून अंथरले. मामा घामाघूम होऊन पाणी वाढत होता.

जेवण झाल्यावर मी त्या गोऱ्याजवळ गेले आणि त्याच्या घागऱ्याची चुणी हातात घेऊन बघितली. लोकरीचं कापड. चुण्या कमरेपासून वीतभर शिवून बसवलेल्या. काम चांगलं होतं, कुणी शिवलं असेल तिला मोजणी येत होती. त्यानं दिराचं इलॅस्टिक ताणून सोडलं आणि मान हलवली. त्यानंतर मी सगळी इलॅस्टिकं काढून टाकली.

नवरी मुलगी मध्ये उभी राहून त्याचं बोलणं मराठीत सांगत होती. म्हणाली, "मावशी, ते विचारताहेत, सूर सगळे त्यांच्याकडचे ओळखीचे आहेत, पण तो एका पायावरचा नाच त्यांनी त्यांच्या देशात कुठंच बघितला नाही. कुठल्या गावचा आहे?"

दीर दुसरीकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "त्यांना सांग, त्यांच्याकडं गूळ नसंल."

तिनं काय सांगितलं माहीत नाही. म्हातारा बराच वेळ विचार करत होता.

दिवस मावळायच्या आत आम्ही टेम्पोनं घरी पोचलो. सासरे अंगणात खाटेवर होते. दीर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, घागऱ्यासकट, पट्टीवर रस्सा.

"कितव्या?"

"पयल्या."

सासऱ्यांनी हात ओढला, वास घेतला. पुन्हा घेतला. "ह्याला तुपाचा वास न्हाई."

"आबा, पनीर होतं. लातुरात तूप वाढत न्हाईत आता."

"बुंदी?"

"गुलाबजाम."

"कसलं लग्न हे?" त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "ए पोरी. खरं हाय का?"

"खरं हाय, आबा. डाक्टरनं सोता वाढलं. सांडलं बी."

"खोटं बोलून राहिलीस."

"मी कधी खोटं बोलले?"

त्यांनी आठवून बघितलं. चांगला वेळ घेऊन. "न्हाई," म्हणाले, "तू वाईट बोलतीस. खोटं न्हाई." मग त्यांनी उजव्या कानातला कापूस काढला. डाव्या कानातला काढायची काहीच गरज नव्हती, तरी तोही काढला आणि दोन्ही बोळे खाटेवर शेजारी शेजारी ठेवले. "वाजव."

एवढ्या लग्नांत न घाबरलेल्या दिराचा पहिला सूर फाटला. मग जमला. पेन्शनवर येताना शेवटी वाजवलेला सूर होता म्हणे, लांबलचक, संथ. ढोलवाला मागं हळू ठेका देत होता. सासरे डोळे मिटून बसले होते. मग त्यांची दोन बोटं खाटेच्या लाकडावर पडली. एकदा, दोनदा, मग अंगठ्यासकट. ढोलाच्या आधी पडत होती आणि ढोलापेक्षा बरोबर. डफडं चुलीत गेलं त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती.

"ए ढोलवाल्या," ते डोळे न उघडता म्हणाले, "मागं पडून राहिलास. बोटाकडं बघ माझ्या."

त्याच वेळी म्हशीनं दावं तोडलं. मी तिच्यामागं नायगावच्या रस्त्यापर्यंत पळाले, त्यामुळे बाप-लेक पुढं काय बोलले ते मला माहीत नाही. म्हैस घेऊन परत आले तर सासरे एकटेच ठेका धरून होते, अकरा गडी आणि त्यांचा म्होरक्या त्यांच्या बोटांकडं बघत उभे होते, आणि ते ढोलवाल्याला सांगत होते की पुढच्या लग्नाला तुपाचंसुद्धा पावतीवर लिहून घ्या.